हेफनरवरची मालिका बघून मत द्यायचं असेल तर

‘प्लेबॉय’ हे उघड्या चित्रांचं अमेरिकन मासिक काढणाऱ्या ह्यू हेफनरवर ॲमेझॉनने एप्रिल २०१७ मध्ये दहा भागांची मालिका आणली, ‘अमेरिकन प्लेबॉय: द ह्यू हेफनर स्टोरी’. अर्धी जुनी चित्रफीत, अर्धी नटांनी उभी केलेली, मध्ये मध्ये मुलाखती. तिच्याबद्दल लोक बोलतात ते बहुतेक तीन साच्यांतलं. “माणूस काळाच्या पुढे होता.” “असल्या माणसावर मालिका काढायचीच कशाला?” आणि “बरी आहे, मध्ये जरा कंटाळा येतो.” पहिली दोन मतं मालिका न बघताही देता येतात. तिसरं कुठल्याही मालिकेला चालतं.

मी पुण्यात एका मासिकात मुद्रितं तपासायची, पुढे अंकाची मांडणीही करायची. आता निवृत्त आहे. जवळच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा काहीतरी बघतो आणि त्यावर बोलतो. ते बोलणं भरकटू न देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वादग्रस्त माणूस पडद्यावर आला की पाचव्या मिनिटाला सगळे त्या माणसाचं चारित्र्य काढतात आणि मालिका बाजूलाच राहते. तसं होऊ नये म्हणून मी काय करते ते लिहिते. उदाहरण हेफनरचंच घेते, कारण मासिक काढणाऱ्या माणसाची गोष्ट असली की मला त्यातलं थोडं अधिक दिसतं.

आधी पाट्या वाचा

शेवटच्या नावांच्या पाट्या आपण उड्या मारून टाळतो. इथे त्या आधी वाचा. निर्मात्यांत दोन संस्था आहेत: स्टीफन डेव्हिड एंटरटेनमेंट आणि आल्टा लोमा एंटरटेनमेंट. यातली आल्टा लोमा ही प्लेबॉय कंपनीचीच निर्मितीसंस्था. म्हणजे ज्याची गोष्ट, त्याच्याच घरच्यांनी मांडव घातलाय. शिवाय हेफनर आयुष्यभर स्वतःबद्दलची कात्रणं, फोटो, पत्रं चिकटवून वह्या करत राहिला. त्यांचे दोन हजारांहून जास्त खंड झाले आणि गिनीजमध्ये त्यांची नोंद आहे. मालिकेतली दुर्मीळ चित्रं त्या खजिन्यातून येतात.

एवढ्यावरून मालिका खोटी ठरवू नका. घरच्या कपाटातून निघालेला कागदही खरा असतो. फक्त कपाटात काय ठेवायचं हे कपाटवाल्याने ठरवलेलं असतं, एवढं ध्यानात ठेवून बसा.

वहीत तीन रकाने पाडा

आमच्या मासिकात मुद्रित वाचायला दोघं बसायचो. एक जण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचा, दुसरा गॅलीवर, म्हणजे खिळे जुळवून काढलेल्या कच्च्या छापावर, नजर ठेवायचा. एकट्याने गॅली वाचली तर वाक्य छान वाटतं आणि पूर्ण ओळ गळालीय हे कळतच नाही. अशी अर्धी खरी, अर्धी नटांची मालिका (डॉक्युड्रामा) बघताना माझी हीच पद्धत असते. पडदा ही गॅली, आणि हस्तलिखित शोधून आणायचं काम आपलं.

वहीच्या पानावर तीन रकाने करा: जुनी चित्रफीत, नटांचं, मुलाखत. एखादी गोष्ट पटली की ती कुठल्या रकान्यातून आली ते लिहा. सगळं लिहायचं नाही, हात दुखतो. ज्या क्षणी मनात “वा” किंवा “शी” उमटतं तेवढेच क्षण नोंदवा. भाग संपला की बघा. माझ्या वहीत “वा” बहुतेक मधल्या रकान्यात पडले होते. हेफनरचं काम करणारा मॅट व्हेलन हा न्यूझीलंडचा नट देखणा आहे, मवाळ बोलतो, डोळ्यांत सतत काहीतरी नवं सुचल्याची चमक. आपण आवडून घेतो तो व्हेलनला, आणि माया लावतो हेफनरला.

चौथी एक गोष्ट रकान्यात बसत नाही, ती म्हणजे निवेदन. या मालिकेचं निवेदन हेफनरच्याच तोंडी आहे, ‘मी’ म्हणून, आणि तेही नटाच्या आवाजात. त्यामुळे खरी चित्रफीत चालू असतानाही तिचा अर्थ ‘मी’च सांगत असतो. समोर बायकोचा फोटो असतो, आणि तिला काय वाटलं ते तो सांगतो. अशा ठिकाणी मी समासात फुली मारते. एकदा आवाज बंद करून दहा मिनिटं बघा. त्याच चित्रांमधली माणसं निराळी दिसायला लागतात, विशेषतः पार्टीतल्या मुली.

एकच प्रसंग धरा आणि तो खणा

दहाही भागांची खातरजमा करणं कोणाच्याच्याने होत नाही. एक प्रसंग निवडा. मी पहिला अंक निवडला.

हेफनर ‘एस्क्वायर’मध्ये जाहिरातींचा मजकूर लिहायचा. पाच डॉलर पगारवाढ मागितली, मिळाली नाही, नोकरी सोडली. घरातलं फर्निचर तारण ठेवून सहाशे डॉलर उचलले, आईने हजार दिले, इकडून तिकडून मिळून साधारण आठ हजार जमले. शिकागोतल्या आपल्या फ्लॅटमध्ये टेबलावर अंक जुळवला. मासिकाचं नाव आधी ‘स्टॅग पार्टी’ ठरलं होतं. ‘स्टॅग’ नावाच्या दुसऱ्या मासिकाने हरकत घेतली म्हणून ऐनवेळी ‘प्लेबॉय’ झालं. डिसेंबर १९५३ मध्ये अंक बाजारात आला तेव्हा त्यावर तारीख नव्हती, कारण दुसरा निघेल की नाही याची खात्री नव्हती. पन्नास सेंट किंमत, पन्नास हजारांवर प्रती खपल्या.

हे सगळं कुठल्याही नवख्या प्रकाशकाला हलवून सोडणारं आहे. तारीख न घालण्याची युक्ती तर मी मनापासून वाखाणली. शिळा न होणारा अंक परत येत नाही, विक्रेता तो आणखी महिनाभर टांगून ठेवतो. मासिकाचा कलादिग्दर्शक आर्ट पॉल याने केलेली मांडणी आजही बघण्यासारखी आहे. कोरी जागा सोडायला छाती लागते, आणि तुटपुंज्या भांडवलाच्या माणसाकडे तर ती सहसा नसते.

आता हस्तलिखित. अंक खपला तो मेरिलिन मन्रोच्या नग्न फोटोमुळे. तो फोटो हेफनरने काढवला नव्हता. १९४९ मध्ये टॉम केली या छायाचित्रकाराने तो काढला, तेव्हा मन्रोला कोणी ओळखत नव्हतं, पैशाची नड होती आणि तिला पन्नास डॉलर मिळाले. पुढे तो कॅलेंडरवाल्या बॉमगार्थ कंपनीकडे गेला. हेफनरने त्यांच्याकडून पाचशे डॉलरला छापायचा हक्क घेतला. मन्रोला विचारलं नाही आणि तिला एक सेंटही गेला नाही. कायद्याने तसं करायची गरजही नव्हती. १९९२ मध्ये हेफनरने लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड स्मशानभूमीत तिच्या शेजारची जागा पाऊण लाख डॉलरना विकत घेतली, आणि २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तो गेल्यावर तिथेच त्याला ठेवलं. इथेही तिला कोणी विचारायचा प्रश्न नव्हता.

हे हाताशी ठेवून पहिला भाग पुन्हा बघा. फोटो मिळवण्याचा प्रसंग मालिका कशी सांगते? माझ्या मते धाडसी तरुणाने संधी हेरली अशी. फोटोतली बाई त्या व्यवहारात कुठे उभी आहे, हा प्रश्न प्रेक्षकाला पडावा अशी सोय त्या प्रसंगात नाही. हे माझं मत चुकीचं असू शकतं, पण ते मालिकेबद्दलचं मत आहे. त्यावर कोणी वाद घालायला आला तर त्याला तो प्रसंग पुन्हा बघावा लागेल, आणि मला तेच हवंय.

कोणाला किती वेळ मिळाला

घड्याळ लावा. विशेषतः बायकांसाठी लावा, कारण हे मासिक त्यांच्यावर चाललं.

पत्रकार ग्लोरिया स्टायनम १९६३ मध्ये खोटं नाव घेऊन न्यूयॉर्कच्या प्लेबॉय क्लबात ‘बनी’, म्हणजे सशाच्या पोशाखातली वाढपीण, म्हणून नोकरीला लागली आणि तिथला घट्ट पोशाख, टाचांच्या चपला, पगारातली कापाकापी यावर ‘शो’ मासिकात लिहिलं. बॉबी आर्नस्टीन ही हेफनरची खास सहायक. अमली पदार्थांच्या प्रकरणात तिला दोषी ठरवलं, तपास करणाऱ्यांना तिच्यामार्फत हेफनरपर्यंत पोचायचं होतं, आणि जानेवारी १९७५ मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात तिने जीव दिला. डोरोथी स्ट्रॅटन ही मासिकाने निवडलेली १९८० सालची ‘प्लेमेट ऑफ द इयर’, म्हणजे वर्षातली सर्वोत्तम मॉडेल. त्याच ऑगस्टमध्ये, विसाव्या वर्षी, विभक्त झालेल्या नवऱ्याने तिचा खून केला. आणि मुलगी क्रिस्टी, जी १९८२ पासून कंपनीची अध्यक्ष होती.

प्रत्येकीपुढे दोन गोष्टी टिपा. किती मिनिटं, आणि तिच्याबद्दल कोण बोलतंय. क्रिस्टी स्वतः बोलते. पण ती मुलगीही आहे आणि कंपनीची माजी अध्यक्षही, तेव्हा तिच्या प्रत्येक वाक्याला दोन टोप्या आहेत. आर्नस्टीनच्या वेळी बघा, दुःख कोणाचं दाखवलंय. मला तो भाग संपताना वाटलं की सरकारने हेफनरला किती छळलं. पाणी प्यायला उठले आणि लक्षात आलं की मेली ती होती. ‘मी’च्या निवेदनाचा हा खरा जोर. ते कोणाचंही मरण आपल्या खात्यावर जमा करतं.

जे चांगलं आहे त्याला चांगलं म्हणा

आमच्या हॉलमध्ये मला जास्त त्रास होतो तो या बाबतीत. मासिक आवडत नाही म्हटलं की लोक मालिकेतल्या चांगल्या गोष्टीही मान्य करायला हात आखडतात.

१९५५ मध्ये चार्ल्स ब्यूमाँटची एक कथा प्लेबॉयने छापली. समलिंगी बहुसंख्य आणि इतरांचा छळ होणारं जग तिच्यात होतं. तेव्हाच्या अमेरिकेत ती छापायला हिंमत लागत होती. १९५९ मध्ये हेफनरने टीव्हीवर आपल्या घरच्या पार्टीसारखा कार्यक्रम सुरू केला, त्यात नॅट किंग कोल आणि एला फिट्झगेराल्ड हे काळे गायक गोऱ्यांच्या बरोबरीने बसून गप्पा मारताना दिसले. मायामी आणि न्यू ऑर्लिन्सचे क्लब ज्यांना चालवायला दिले होते ते काळ्या सभासदांना आत घेईनात, तेव्हा हेफनरने ते क्लब परत विकत घेतले. १९६२ मध्ये ॲलेक्स हेली या लेखकाने प्लेबॉयसाठी जॅझवादक माइल्स डेव्हिसची मुलाखत घेतली, आणि पुढच्या वर्षी काळ्यांचे नेते माल्कम एक्स यांची. या मुलाखती आजही पत्रकारितेच्या वर्गात वाचून घ्याव्यात अशा आहेत.

ही मालिका मला सर्वांत जास्त आवडली ती या क्लबांच्या आणि टीव्ही कार्यक्रमाच्या भागांत, कारण तिथे खरी चित्रफीत भरपूर आहे आणि ‘मी’ला फार बोलावं लागत नाही.

हे सगळं लिहायचं आणि त्याच अंकाच्या मधल्या पानात पिना काढून भिंतीला लावायची बाई होती हेही लिहायचं. दोन्ही एका वाक्यात कोंबू नका. “एकीकडे… दुसरीकडे…” असं सुरू केलंत की मत तळ्यात-मळ्यात करतं आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दोन परिच्छेद करा.

तारीख घाला

ही बारीक गोष्ट वाटते, पण मालिका एप्रिल २०१७ ला आली, सप्टेंबरच्या अखेरीला हेफनर गेला आणि ऑक्टोबरात हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याची लैंगिक अत्याचाराची प्रकरणं छापून आली. त्या सहा-सात महिन्यांत बघणारे तेच असले तरी त्यांची नजर बदलली. मग जानेवारी २०२२ मध्ये ए अँड ई वाहिनीवर दुसरी मालिका आली, तिच्यात हेफनरच्या हवेलीत राहिलेल्या, तिथे काम केलेल्या बायका स्वतः बोलल्या आणि गंभीर आरोप केले. प्लेबॉय कंपनीने तेव्हा आपण आता हेफनरच्या काळातली कंपनी नाही म्हणून पदर झाडला.

तुम्ही आज २०१७ ची मालिका बघत असाल तर हे सगळं तुमच्या डोक्यात आहे आणि करणाऱ्यांच्या डोक्यात नव्हतं. “यांनी ते आरोप का घेतले नाहीत” हा आक्षेप पाच वर्षं उशिरा आलेल्या गोष्टींबाबत चालणार नाही. तेव्हाच उपलब्ध असलेल्या गोष्टींबाबत मात्र चालेल, उदाहरणार्थ हेफनरची माजी मैत्रीण हॉली मॅडिसन हिचं आत्मकथन, जे २०१५ लाच छापून आलं होतं. कोणती गोष्ट कधी माहीत झाली ते वहीच्या मागच्या पानावर एका खाली एक मांडा, मग आक्षेप घ्या.

गटात बोलताना

पहिलं मत सर्वांत कमी बोलणाऱ्याला विचारा. मोठ्याने बोलणारा आधी बोलला की उरलेले त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलतात, स्वतःचं असं काही निघत नाही. आमच्याकडे एक निवृत्त वकील काका आहेत, त्यांना मी शेवटी ठेवते आणि त्यांना ते माहीत आहे.

बायका-पुरुष मिसळून बसले असतील तर सुरुवातीची दहा मिनिटं अवघडलेली जातात. कोणी मूग गिळून बसतं, कोणी उगाच विनोद करतं. त्यावर उपाय म्हणजे विषय व्यवहाराकडे नेणं. भांडवल किती, खप किती, खटला कुठला? १९६३ मध्ये जेन मॅन्सफिल्ड या नटीच्या मासिकात छापलेल्या नग्न फोटोंवरून शिकागो पोलिसांनी हेफनरला घरातून पकडलं. ज्युरीत सात जण सोडावं म्हणणारे, पाच जण नाही म्हणणारे. निकालच लागला नाही. हे सांगितलं की काका पुढे सरकतात, आणि चर्चा सुरू होते.

कोणीतरी म्हणतंच, “त्यांच्याकडे हे चालतं हो, आपल्याकडे नाही.” अशा वेळी मी ‘रंभा’ या मराठी मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकाची आठवण देते. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवरून अश्लीलतेचा खटला झाला. लेखकाबरोबर मुद्रक-प्रकाशकही आरोपी होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ मध्ये काकोडकर सुटले. शिकागोच्या खटल्याच्या आसपासच आपल्याकडे हे चाललं होतं.

कोणी रघुनाथ धोंडो कर्व्यांचं नाव काढतं, तेही साहजिक आहे. ‘समाजस्वास्थ्य’च्या मुखपृष्ठावरही उघडी चित्रं असत, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. गंमत म्हणजे ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा आणि ‘प्लेबॉय’चा पहिला त्याच डिसेंबरचा. पण दोघांना एका पंगतीत बसवायला मी तयार नाही. कर्व्यांनी मासिक पदरमोड करून चालवलं, संततिनियमनाचं काम बायकोला, मालतीबाईंना, बरोबर घेऊन केलं. तुम्हाला तुलना करायचीच असेल तर माणसांची करू नका, त्यांच्यावरच्या कलाकृतींची करा. २००१ चा अमोल पालेकरांचा कर्व्यांवरचा चित्रपट ‘ध्यासपर्व’ आणि ही मालिका शेजारी ठेवा. एकात बायको किती दिसते आणि दुसऱ्यात किती, एवढंच बघितलंत तरी संध्याकाळ कमी पडेल.

लिहायला बसल्यावर

पहिलं वाक्य प्रसंगाचं लिहा, विशेषणाचं नको. “मालिका एकांगी आहे” हे कोणीही लिहितं. “दहा भाग हेफनर बोलतो आणि त्याची पहिली बायको मिली काय म्हणत होती ते आपल्याला त्याच्याकडूनच कळतं” असं लिहिलंत तर एकांगी हा शब्द वाचणारा स्वतःच म्हणेल.

“मेकिंग जबरदस्त” याच्या जागी काय जबरदस्त ते सांगा. जुनी चित्रफीत आणि नटांचे प्रसंग यांचा सांधा कुठे कळत नाही, कुठे उघडा पडतो? माझ्या डोळ्याला नटांचे कपडे फारच कोरे करकरीत दिसतात. रात्रभर बसून डमी, म्हणजे अंकाची कागद चिकटवून केलेली नमुना मांडणी, लावणाऱ्या माणसाच्या मनगटाला रबर सिमेंटची (चिकटवायच्या डिंकाची) पुटं चढलेली असतात, बाही काळी पडते. पडद्यावर सगळे लग्नाला निघाल्यासारखे. ही तक्रार क्षुल्लक आहे हे मला कळतं, तरी ती माझ्या मतात असते, कारण ती दुसरं कोणी करणार नाही. तुम्ही परिचारिका असाल, वकील असाल, हॉटेलात काम केलं असेल तर तुम्हालाही असं काहीतरी खुपेलच. ते आवर्जून लिहा.

तारे द्यायचे असतील तर शेवटी द्या, आणि माणसाला देताय की मालिकेला ते एकदा स्वतःला विचारा. मी पाचांपैकी अडीच दिले. अर्धा तारा एकट्या आर्ट पॉलच्या मांडणीचा.

दहाच्या दहा भाग बघायला वेळ नसेल तर पहिले दोन बघा, मग क्लबांचे, आणि आर्नस्टीनचा चुकवू नका. शेवटचे भाग घाईत उरकलेत. ऐंशीनंतरची वर्षं झरझर जातात. तेवढेच भाग पाहिले असतील तर मतात तसं लिहा.

आणि कोणीतरी विचारतंच, मला तर प्रत्येक वेळी विचारतात, की या वयात प्लेबॉयवरची मालिका कशाला बघत बसलात. मी सांगते, आठ हजार डॉलरमध्ये मासिक कसं काढतात ते बघत होते. मग विचारणारा जरा वेळाने जवळ येऊन विचारतो, कुठल्या भागात आहे हो ते?